हिरवट फळ्या

कुठलंही लाकूड हातात आलं की काका आधी मधल्या बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचे, मग ते कानाशी नेऊन म्हणायचे, "जीव आहे यात अजून." कचऱ्यात टाकलेल्या पलंगाची पाठ असो की मोडक्या खोक्याची फळी, निकाल हाच. जीव नाही म्हणून त्यांनी एखादं लाकूड परत टाकल्याचं मी तरी पाहिलं नाही.

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आम्ही रोज एकाच बसने जायचो. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली, ते मूळचे नागपूरचे, विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये उपकरणं दुरुस्त करणारे. नावाने त्यांना कुणी हाक मारलीच नाही. सगळ्यांचे ते काकाच. उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यार्थी अपार्टमेंटं सोडत, तेव्हा रस्त्याकडेला टेबलं-कपाटं टाकून जात. तुम्ही-आम्ही अशा वेळी नजर वळवून पुढे जातो. काका गाडी थांबवायचे. पुढची सीट आडवी करून फळ्या ठेवायच्या असत, म्हणून काकू मुकाट्याने मागे जाऊन बसायच्या.

त्या फळ्यांतून त्यांच्या गॅरेजमध्ये नावाच्या पाट्या, दागिन्यांचे डबे, बाळांची खेळणी तयार व्हायची. विकलं काहीच नाही, सगळं भेट. एका बारशाला नवऱ्याने एक नाव कळवलं, बायकोने दुसरं. काकांनी पाटीच्या दोन बाजूंना दोन्ही नावं कोरली आणि म्हणाले, "भांडण मिटलं की एक बाजू भिंतीकडे करा."

आमच्या ओळखीतल्या एकाचे वडील भारतात वारले आणि व्हिसाच्या भानगडीत त्याला जाता आलं नाही. त्याला काकांनी वडिलांच्या आठवणीच्या वस्तू ठेवायला अक्रोडाच्या जुन्या लाकडाची पेटी करून दिली. झाकणावर फक्त 'बाबा'. तो ती मांडीवर घेऊन गॅरेजमध्ये तासभर बसला होता. काका शेजारी रंधा मारत राहिले.

मग एका शरद ऋतूत त्यांच्या शेजाऱ्याने घरामागचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, पाडला. जुन्या, जाड, किंचित हिरवट फळ्या. कित्येक हिवाळे बर्फाखाली काढूनही कुठे कुजलेल्या नाहीत, कीड नाही. काका दोन दिवस त्या वाहून आणत होते. माझी मुलगी सई तेव्हा वर्षाची होत होती, म्हणून आई पुण्याहून आली होती. आईने एका फळीवर हात फिरवला आणि विचारलं, "किडा खात कसा नाही याला?"

"चांगलं लाकूड आहे, ताई," काका म्हणाले.

घरी आल्यावर आईने हात दोनदा धुतले.

तो सगळा हिवाळा काकांनी त्याच फळ्यांवर काम केलं. गॅरेजमध्ये एक लोखंडी शेगडी होती. उरलेले तुकडे आणि भुसा तिच्यात जाळून ते ऊब करायचे. सईला वाढदिवसाला तिच्या नावाची दोन अक्षरं मिळाली, तळहाताएवढी, कडा घासून मऊ केलेली. दुसऱ्या दिवसापासून 'स'चा कोपरा तिच्या तोंडात.

फेब्रुवारीत काकूंच्या कुंडीतला कढीपत्ता जळाल्यासारखा काळा पडला. शेगडीतली राख त्या खत म्हणून घालत होत्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, असं त्या सारखं सांगत होत्या. आम्ही थंडीला दोष दिला. काकांना खोकला लागला, त्यालाही थंडीच. बसमध्ये ते हातमोजे काढून बोटं चोळत बसायचे, मुंग्या येतात म्हणायचे. एकदा कॉफीचा कप त्यांच्या हातून सुटला, आणि सुटल्याचं त्यांना आवाजावरून कळलं. मग त्यांच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या. मी विचारलं तर म्हणाले, हातोडी लागली असेल. रेघा दहाही नखांवर होत्या. मी पुढे विचारलं नाही. ते आजही मला टोचतं.

मार्चमध्ये काकूंनी त्यांना जवळजवळ ओढतच हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नखं पाहिली आणि पहिला प्रश्न केला, घरात काय जाळता? कुजू नये म्हणून त्या फळ्यांत आर्सेनिक मुरवलेलं होतं. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात, ते. असं लाकूड घरांसाठी विकणं तेव्हा नुकतंच बंद झालं होतं, पण आधी विकलेलं जिथे तिथे उभं होतं. जाळलं की विष धुरात आणि राखेत उतरतं. काकांनी ते चार महिने श्वासातून घेतलं होतं.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर दुसऱ्याच सकाळी ते आमच्या दारात आले. हातात रबरी मोजे, काळी कचऱ्याची पिशवी. आत यायला तयार नव्हते.

"सईची अक्षरं दे."

मी आणून दिली. 'स'च्या कोपऱ्यावरचे दातांचे व्रण त्यांनी पाहिले. त्यावर अंगठा ठेवून क्षणभर थांबले.

"आज डॉक्टरकडे ने तिला. आजच. काय सांगायचं ते या चिठ्ठीत लिहिलंय."

मी बसायचा आग्रह केला.

"अजून नऊ घरं आहेत," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

रिपोर्ट येईपर्यंत मी सईच्या नखांकडे पाहत दिवस काढले. रिपोर्ट ठीक निघाला. काका मात्र घरोघर फिरत राहिले. एका बाईने दार न उघडता वस्तू आधीच पायरीवर काढून ठेवली होती. अक्रोडाच्या पेटीवाल्याला ते स्वतः फोन करून म्हणाले, ती पेटी त्यातली नाही, बिनधास्त ठेव. दुसऱ्या दिवशी ती पेटी त्यांच्या गॅरेजसमोर होती. रिकामी.

एकच वस्तू मिळाली नाही. अन्वी नावाच्या मुलीचा खुळखुळा. तिचे आईवडील टेक्सासला, अर्विंगला गेले होते. तिथला नंबर बंद होता. कुणी म्हणालं, ते भारतात परतले. काकांची बोटं पुन्हा पूर्ववत झाली नाहीत, शर्टाची बटणंही काकू लावायच्या. गॅरेजला कुलूप लागलं. भेटलो की त्यांचा एकच प्रश्न, "लागला का पत्ता?" दोन वर्षं मी नाही म्हणत राहिले. फुप्फुसं खराब होत गेली आणि एका ऑक्टोबरात काका गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर कुणीतरी अन्वीच्या आईचा ई-मेल पत्ता दिला. ते पुण्यात होते. तो खुळखुळा अजून आहे का, एवढंच घाईघाईने विचारून मी माझा नंबर दिला. उत्तर आलं, आहे ना, इतका मजबूत, आता धाकट्याला दिलाय. त्याचे दात येतायत, दिवसभर तोंडात असतो.

खाली तिचा नंबर होता. मी ताबडतोब फोन लावला. सगळं सांगितलं. धाकट्याला काही झालेलं नव्हतं, हे नंतर तपासणीत कळलं. पण त्या क्षणी तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. पलीकडे मूल अचानक रडायला लागलं, हातातलं काहीतरी काढून घेतल्यावर रडतं तसं.

मग अन्वीची आई म्हणाली, "काकांना द्या फोन. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

काका गेले, हे ई-मेलमध्ये लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.