मीनाबाईचा रांजण

मिरज लाइनीवरच्या त्या हाल्टवर तिकीट विकणारा माणूस होता, तोवर पाण्याचा माठही होता. नव्वदच्या सुरुवातीला तो निघून गेला, त्याच्या जागी दुसरा आला नाही आणि स्टेशन पोरकं झालं. उरली एक शेड, एक बाकडं आणि पिवळी पाटी. गाड्या मात्र थांबायच्या.

याच बाकड्यावर मीनाबाईचा नवरा बाबासो गाडीची वाट बघत बसला होता. भर उन्हाळा, अंगात ताप, दवाखान्याला निघालेला. "मीने, घोटभर पाणी दे गं," म्हणाला. बाटली संपली होती आणि स्टेशनात थेंब नव्हता. दवाखान्यातून तो परत आला नाही. पाण्याने वाचला असता असं नाही, पण मीनाबाईच्या जिवाला ते लागलं ते लागलंच. पुढच्या बुद्धपौर्णिमेला तिने त्याच्या नावाने शेडमध्ये रांजण मांडला. लांबच्या बोअरवरून खेपा घालून ती तो भरायची आणि शेजारी बसायची.

कुणी पाणी पीत नव्हतं. गाव काही बोललं नाही. बोलायचं काय त्यात? बौद्धवाड्यातल्या बाईचं पाणी. माणसं "तहान न्हाय" म्हणायची आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवायची.

एके दिवशी तिला मजुरीला लवकर जावं लागलं. संध्याकाळी येऊन बघते तर रांजण तळाला गेलेला! मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं गाव पाणी पिऊन मोकळं झालं होतं. बघणारं कुणी नसलं की पाणी बाटत नव्हतं.

बाबासोच्या नावाचं पाणी कुणाच्या तरी घशात जातंय ना, म्हणून ती रांजण भरून गाडीच्या आधीच घरी जाऊ लागली. अशी वर्षं गेली. लेक रूपाली चिडायची. "आये, पाणी बी तुझं आन् लपायचं बी तूच व्हय?" कुणीतरी एकानं आपल्यादेखत प्यावं, एवढंच तिला हवं होतं.

दोन हजार तीनच्या दुष्काळात बोअरची धार बारीक झाली. एकदा गाडीची वेळ झाली तरी रांजण भरेना. तेवढ्यात गणपतराव आले. गावातलं मानाचं माणूस. शहरातल्या मंगळवार पेठेत दिलेल्या लेकीकडे निघालेले. घाम पुसत त्यांनी रांजणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मीनाबाई, जरा घरला जा की."

"का वो आबा?"

"पाणी प्यायचं हाय मला."

इतकं सरळ! त्यात राग नव्हता की दुष्टावा नव्हता, म्हणून तर ते काळजात घुसलं. मीनाबाईनं घागर खाली ठेवली.

"प्या की. आज मी न्हाय जात."

शेडमधली माणसं रुळांकडे बघू लागली. लांबून भोंगा ऐकू आला. गणपतराव चुळबुळले, मग पुढे येऊन वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली.

"वरनं वत," म्हणाले.

मीनाबाईनं रांजणात तांब्या बुडवला. गावच्या विहिरीवर तिची आई अशीच वाकायची आणि कुणीतरी वरून पाणी घालायचं. आता ओतावं आणि उट्टं काढावं, असं तिला वाटलंसुद्धा. खोटं कशाला सांगा?

"वाकू नगा, आबा," ती म्हणाली. "माझी आई वाकायची, मी बघितलंय. तुमच्याव ती पाळी नगं. तांब्या हातात घ्या."

गाडी येऊन थांबली. बाकीचे चढले, गार्डाची शिट्टी झाली. गणपतराव तसेच उभे होते. मग त्यांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि पार रिकामा होईतोवर प्यायले. गाडी निघून गेली.

"आनखी थोडं दे," ते म्हणाले.

मीनाबाईनं तांब्या भरून दिला आणि बाबासोनं जिथं पाणी मागितलं होतं, त्याच बाकड्यावर बसून ती पोटभर रडली.