बाबांना दाखवायला नेलेला माझा पहिला पूल

घरात पदवी घेणारी मी पहिलीच. पण मी पुलांचं नेमकं काय करते, हे बाबांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून रविवारी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि अमरावतीहून अकोल्याकडे निघाले. मूर्तिजापूरच्या पुढे माझा पहिला पूल उभा राहिलाय. सोमवारी ‘पूल तयार’ या दाखल्यावर माझी सही व्हायची होती.

तुम्ही जाणार असाल तर सकाळीच निघा. महामार्ग छान आहे, पण सावली नाही. गिला वडा अमरावतीतच खाऊन घ्या, चहा बडनेऱ्याला.

पुलाखाली उभं राहून बाबा वर बघत राहिले. “एवढं तू केलं?”

मी ऐटीत शिडीने खांबाच्या माथ्यावर चढले आणि वाकून पाहिलं. तुळईच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे असतात. भूकंपात तुळई आडवी सरकली, तर ते तिला अडवतात. मधे फट मोकळी आणि ठोकळ्याला रबर हवं, म्हणजे तुळईला उन्हात फुगायला जागा राहते आणि धक्का रबरावर बसतो. इथे सगळ्या फटी सिमेंटने बुजवून वर रंग मारला होता.

मिस्त्री खालीच होते. “मॅडम, सायेब पाहाले येनार होते. उघडी फट बरी दिसते का? मीच भरून देल्ली.”

“फोडा ते, काका.”

“एवढं गुळगुळीत केलेलं? कावून?”

अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात जेवताना वरिष्ठांचा फोन आला. मिस्त्रींनी कळवलं होतं.

“वऱ्हाडात भूकंप येतो का कधी? उद्या सही कर. नाहीतर दुसरी नोकरी बघ.”

“भूकंप तुम्हाला विचारून येणार नाही, सर. मानकात फट ठेवायला सांगितलीय, म्हणून पुलातही हवी. ती मोकळी होईपर्यंत सही नाही.”

मी फोन ठेवला. घरात माझ्या एकटीचाच पगार येतो, हे बाबांना माहीत होतं. त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. “जेव आंधी. सही तं तुहीच हाये ना?”

सोमवारी मी सही केली नाही. नोकरीचं काय होईल, हे लिहिताना मला ठाऊक नाही. तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर पुलाखाली थांबून वर बघा. फटीतून उजेड दिसला पाहिजे.

त्याच सोमवारी संध्याकाळी शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, “काय मंग, पाहून आले पोरीचा पूल? सुरू झाला का?”

बाबा दारातूनच मोठ्यानं म्हणाले, “नाई. माह्या पोरीनं अडवून ठेवला हाये.”