नवमीच्या पूजेतले जॅकेट

श्रीविठ्ठल-रखुमाईच्या चरणी मस्तक ठेवून, आणि जिच्या नवरात्रात हे घडले त्या चामुंडेश्वरीचे स्मरण करून लिहावयास बसलो आहे. दसऱ्याच्या निमित्ताने या सदरात वाचकांचे अनुभव मागविले आहेत, हे माझी सून गिरिजा हिने वाचून दाखविले. पुढे तीच म्हणाली, "मामंजी, तुम्ही लिहा. वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी उत्तर ठाऊक असेल..."

आरंभीच स्पष्ट करतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीही नव्हता. मी पाठशाळेत शिकलो, पुढे आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविले, आमच्या समाजाच्या विठ्ठलमंदिरात एकादशीला पुराण सांगितले. देव मानतो. परंतु भुतेखेते, संकेत, चमत्कार यांना मी भक्तीच्या उंबरठ्याच्या आत कधी येऊ दिले नाही. कोणी अंगात आल्याचे सांगितले की मी त्याला आधी पाणी पाजत असे.

आम्ही म्हैसूरचे मराठी शिंपी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो हे आता कोणास सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण कानडीचा हात धरल्याशिवाय आमचे एक वाक्य पुरे होत नाही. धाकटा भाऊ रंगनाथ याचे शिवणाचे दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. माझा एकुलता मुलगा श्रीधर हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात पाळीने काम करी. त्याची आई पूर्वीच गेली. गिरिजाचे माहेर पिरियापट्टणचे.

श्रीधरला मोटारसायकलचे वेड होते. वेड हा शब्द मी जाणून वापरतो, कारण व्यसन म्हणावे असे त्यात काहीही नव्हते. पाळीच्या नोकरीत सुट्टीचा वार सारखा बदले. तरी तो सहकाऱ्यांच्या अडचणीच्या पाळ्या आपण घेई, बाजारहाट आदल्या संध्याकाळी उरकून टाकी, आणि महिन्यातून दोन-तीन सकाळी मोकळ्या करी. उजाडता निघून बेट्टदपुरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जावयाचे, कॉफी घ्यावयाची, जेवणापूर्वी परत.

"बायकोसाठी वेळ नाही, गाडीसाठी मात्र पहाटच्या पहाट मोकळी!" गिरिजा टोमणा मारी.

"मग बस ना मागे."

"बसते की. पण तुमच्या त्या गादीत शिवून घेऊन नाही बसणार, अय्यो!"

गादी म्हणजे त्याचे जॅकेट. प्रवासाचा पोशाख त्याने एकेक वस्तू पारखून जमविला होता. आधी हेल्मेट — गालावर घट्ट बसणारे, मान हलविली तरी जागचे न हलणारे. मग हातमोजे, मग घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, आणि सर्वांत शेवटी जॅकेट. ते घरी आले त्या दिवशी रंगनाथाने दुकान सोडून त्याची तपासणी केली. आत-बाहेर उलटून पाहिले, टाके नखाने ओढून पाहिले.

"श्रीधरा, यात माणूस घालायचा की कापूस? खांद्याला हे काय, उशी?"

"काका, ती पडल्यावर लागते."

"पडण्यासाठी कपडा? माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक नाही बघितलं मी!"

श्रीधर हसला. आरशापुढे उभा न राहता तो खुर्चीवर उलटा बसला, गाडीचे हँडल धरल्यासारखे हात पुढे केले, आणि बाही मनगटापर्यंत पुरते की नाही, कोपराची गादी कोपरावरच राहते की सरकते, ते काकाला दाखविले. उभ्याने नेमके बसणारे जॅकेट गाडीवर आखूड पडते, असे त्याचे म्हणणे. रंगनाथाने मान डोलाविली. "सरि. हे खरं बोललास. मापं बसूनच घ्यायला हवीत."

मी एकदा त्याला विचारले होते की, या फिरण्यात तुला काय मिळते? तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही जपाला बसलात की घरात कोणी तुम्हाला हाक मारत नाही ना? माझं तेवढंच आहे." त्यानंतर मी त्यास पुन्हा विचारले नाही.

आता त्या दिवसाचे सांगतो.

गेल्या वर्षीची खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी आयुधांची पूजा असते. वाहन दाराशी उभे करून त्याला हार घालावा, चाकाखाली लिंबे ठेवावी, ती चिरडून गाडी पुढे नेली की ती वापरावयास मोकळी. मात्र देवघरात मांडलेल्या वस्तूंचे तसे नाही. रंगनाथाची कात्री, टेप, माझी पोथी... तेथे एकदा अक्षता पडल्या की दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावीत नाही. त्या दिवशी घरात कापड कापले जात नाही, सुटलेले बटणसुद्धा लावले जात नाही.

श्रीधरने हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकविले, आणि जॅकेट मात्र घडी घालून स्वतः देवघरात आणले. "अप्पा, हे आयुधांतच बसू दे." मी त्यावर कुंकू लाविले, अक्षता वाहिल्या, झेंडूचे एक फूल ठेविले. दुपारी जेवणे झाली. तेवढ्यात पिरियापट्टणहून गिरिजाच्या माहेरच्या शेजाऱ्यांचा फोन आला. तिचे वडील छातीत दुखते म्हणून घामाघूम झाले होते, आणि घरात दुसरे कोणी नव्हते. दसऱ्याच्या गर्दीत बसमध्ये पाय ठेवावयास जागा मिळणे कठीण. श्रीधर म्हणाला, "मी गाडीने पुढे जातो, तुम्ही मागून या."

तो देवघराच्या दारात आला आणि जॅकेटकडे पाहत उभा राहिला. मी माळ बाजूला ठेवून म्हणालो, "उचल. देव काही रागावणार नाही."

खरोखर म्हणालो. रंगनाथ साक्षीला आहे. तोही म्हणाला, "घे रे बाबा, संकटात नेम कसला!"

श्रीधर हसून म्हणाला, "नको काका. सकाळी तो नवरदेव दाराशी येऊन कोट आखूड करून मागत होता, तर तुम्ही कात्री उचलली नाहीत. तुमची कात्री बसलेली, आणि माझं जॅकेट उठवू? हळू जातो." त्याने हेल्मेट घातले, अंगात सुती सदरा होता तसाच, आणि तो गेला.

गिरिजा बॅग भरीत होती. मी देवघराच्या बाहेर भिंतीला टेकून जप करीत होतो. रंगनाथ दुकानाच्या बाकावर पडला होता. त्या शांततेत एक आवाज झाला. जाड कापड खरखरीत दगडावरून कोणी जोराने ओढीत न्यावे तसा — लांब, मोठा, आणि मग एकदम बंद.

"अण्णा!" रंगनाथ ओरडला. "आज कापड कोण फाडतंय? कात्री तर पूजेत आहे!"

देवघरात कोणी नव्हते. समई स्थिर तेवत होती. कात्री, टेप, पोथी, सर्व जागच्या जागी. जॅकेटही घडी केलेल्याच स्थितीत, त्यावरचे फूलसुद्धा हललेले नव्हते. पण त्याचा उजवा खांदा फाटला होता. फाटला म्हणणेही बरोबर नाही. घासून घासून गेला होता, आणि आतली गादी उघडी पडली होती. उजव्या कोपरावर तसेच. झिजलेल्या कापडात बारीक काळी खडी रुतलेली.

मी प्रथम उंदीर म्हणालो. रंगनाथाने वाकून बोट लाविले आणि हात झटकन मागे घेतला.

"उंदीर नाही अण्णा. दोऱ्यांची टोकं वितळलीत... हे गरम आहे."

मीही हात लाविला. उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लागावा इतपत ते गरम होते.

गिरिजा आमच्या मागे येऊन उभी होती. तिने श्रीधरला फोन लाविला. पलीकडे अनोळखी माणूस कानडीत बोलू लागला. हुणसूरच्या अलीकडे ट्रॅक्टरवरून तंबाखूचा गठ्ठा रस्त्यावर पडला, तो चुकविताना गाडी घसरली, आम्ही त्यांना गाडीत घालून म्हैसूरला आणतो आहोत... त्याने इस्पितळ सांगितले.

गिरिजाने पूजेतले जॅकेट उचलले. कोणीही तिला अडविले नाही.

रिक्षात ते तिच्या मांडीवर होते. रंगनाथ पुढून सारखा मागे वळून बोले, "त्याला काही झालेलं नाही बघ. सगळं यानं घेतलं. यानं घेतलंय अण्णा, तू बोल ना!" मी म्हणालो, "होय. घेतले आहे." वाचकहो, माझ्या आयुष्यात असा निःशंक विश्वास मला कधी वाटला नव्हता. पुराणांत जे सांगत आलो ते आज माझ्या घरात घडले आहे, या विचाराने माझे डोळे वाहू लागले — आनंदाने. रस्त्यात दसऱ्याची तोरणे लागलेली, लोक हार घातलेल्या गाड्या घेऊन हिंडत होते. त्या सर्वांना मी मनातल्या मनात आशीर्वाद देत होतो.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या कानडीत बोलल्या, त्याचा आशय देतो.

"अज्जा, यांचं जॅकेट कोणी काढून घेतलं?"

मला प्रश्न कळेना.

"डांबरावरून एवढं लांब घसरत गेले म्हणतात, पण अंगावर ओरखडा नाही. सदऱ्याचा धागासुद्धा उसवलेला नाही. म्हणजे वरून काहीतरी जाड घातलेलं असणार."

गिरिजाने हातातले जॅकेट पुढे केले. बाईंनी खांदा पाहिला, कोपर पाहिले. "हां, तरीच," असे म्हणाल्या, आणि ते तिला परत दिले. त्यांच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हते.

मी विचारले, "म्हणजे तो वाचला?"

त्यांनी माझा हात धरून मला बाकावर बसविले. घसरत जाऊन तो रस्त्याकडेच्या दगडावर आदळला होता. डोके हेल्मेटने राखले. कातडी अखंड होती. पण आतल्या बरगड्या मोडल्या होत्या आणि रक्त आतल्या आत वाहत होते. "कपडा कातडी वाचवतो, अज्जा. आतलं नाही वाचवत."

दिवेलागणीला श्रीधर गेला. जाण्यापूर्वी मी त्याला पाहिले. खांद्यावरून हात फिरविला — गुळगुळीत, लहानपणी न्हाऊ घालताना असे तसाच.

गिरिजाच्या वडिलांना पित्त झाले होते. ते बरे आहेत. आमच्यासमोर येऊन बसतात तेव्हा मान वर करीत नाहीत.

नंतर लोकांनी पुष्कळ उलगडे सुचविले. समईची धग लागली असेल; पण समई हातभर दूर होती आणि फूल कोमेजलेले नव्हते. जॅकेट आधीच फाटलेले असेल. पण पूजा मी स्वतःच्या हातांनी केली, उजव्या खांद्यावरच कुंकू लाविले. तुम्हां वृद्धांना धक्क्याने भास झाला असेल. तर मग डॉक्टरीणबाईंनी काय पाहिले? त्यांना खरे सांगावे म्हणून मी पुन्हा गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पाणी दिले, आणि घरी सोडावयास कोणी आहे का असे विचारले.

रंगनाथ म्हणतो, जॅकेट जाळून टाकू. गिरिजा जाळू देत नाही. परवा ती म्हणाली, "मामंजी, हे जॅकेटचं झालंच नसतं तर मी म्हटलं असतं, नशीब. पण झालं ना? देवानं इथून तिथपर्यंत हात पोचवला ना? मग कातडीशीच का थांबला तो? अर्धंच का केलं?"

मी इतकी वर्षे इतरांच्या शंकांचे निरसन केले. सुनेला काय सांगू? ज्याने काहीच केले नाही त्याला माणूस क्षमा करू शकतो. परंतु जो आला, ज्याने हात लाविला, आणि जॅकेटला जेवढे शक्य होते तेवढेच करून परत गेला, त्याच्यापुढे रोज सकाळी कोणत्या तोंडाने उभा राहू? उभा राहतो. दिवा लावितो, नाम घेतो. पूर्वी नाम घेताना कोणी ऐकत आहे की नाही, हा प्रश्नच मनात येत नसे. आता ऐकणारा आहे हे मला ठाऊक आहे, आणि तेच सहन होत नाही.

याचा उलगडा मजजवळ नाही. तुमच्यापैकी कोणाजवळ असेल तर माझ्यासाठी नको, त्या मुलीसाठी कळवा.

तुमचे आणि तुमच्या घराचे कल्याण असो. तुमच्या दारातून जे जे बाहेर जातील, ते सर्व अखंड परत येवोत — वरून, आणि आतूनही.