जंबेरीचे फुटवे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून होतो, तरी तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही वहिनीला ओळखत नाही म्हणून.

आमचं वावर शेंदूरजनाघाटच्या बाजूला, संत्र्याच्या पट्ट्यात. दादानं — माझ्या मोठ्या भावानं — आपल्या हिश्श्यात संत्र्याची कलमं लावली आणि पुढच्याच उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला. वहिनी अकोल्याकडची, कपाशीच्या मुलखातली. संत्रं तिला ठाऊक होतं ते सोलून खाण्यापुरतं. पण बाग तिनं सोडली नाही. पोरीला वावराच्या धुऱ्यावर बसवून एकटी आळी करायची, पाणी द्यायची.

संत्र्याचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं. खाली जंबेरीचा खुंट, वर त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब. जोडाच्या खालून जंबेरी सारखी फुटत राहते. ते फुटवे कोवळे असतानाच खुडावे लागतात. नाही खुडले तर वरचा डोळा उपाशी मरतो आणि झाड मात्र हिरवंगार वाढतं — जंबेरीचं. खडबडीत, आंबट, बाजारात कुणी हात न लावणारं फळ. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मलाही कळत होतं.

एका सकाळी तिनं मला हाक मारली. "भाऊजी, हे खालून काय फुटून राह्यलं? काढा लागते का?"

'हो' म्हणायचं होतं. एवढंच. मी म्हणालो, "राहू द्या वहिनी. त्यानंच तं झाड दमदार होते."

ती हसली. "बरं झालं बापा विचारलं. मी तं खुडूनच टाकत होती!"

का बोललो तसं? विहीर दादाच्या हिश्श्यात गेली होती. वहिनी थकून माहेरी गेली तर वावर माझ्याकडे येईल — इतका सरळ विचार मी केला होता का? केला होता.

बाकीच्यांना दिसलं नाही? तिच्या बागेची वाट माझ्याच वावरातून होती. आणि ज्यांना दिसलं असेल त्यांना वाटलं असेल — दीर आहे ना पाहायला. दीर पाहतच होता. एकेक डोळा वाळताना पाहत होता. ती मात्र खूश. "कशी हिरवीकंच झाली झाडं! तुमच्या दादानं पाहायले पाह्यजे होती."

फळं आली. पहिलं तिनं दादाच्या फोटोपुढे ठेवलं, मग कापून पोरीला दिलं. पोरीनं तोंड वाकडं करून थुंकलं.

"हिच्या हाताले गुणच नाही," आई ओसरीतून म्हणाली. "माह्या लेकानं गोड लावलं, हिनं आंबट केलं."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "असं कावून झालं, भाऊजी?"

मी जेवत होतो. ताटातून मान वर न करता म्हणालो, "डोळे धरले नाहीत. असते एखाद्याचा हात तसा."

पहिलं खोटं हावरटपणाचं होतं. पण हे दुसरं — हे कशाचं?

वर्षभरात ती पोरीला घेऊन अकोल्याला भावाकडे गेली. वावर मला वाहायला दिलं. वर म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे." मी ती झाडं उपटून नवी कलमं लावली. दर मोसमात खालचे फुटवे स्वतः खुडतो, गड्याला हात लावू देत नाही. संत्रं गोड येतं. एक पेटी अकोल्याला नेऊन देतो, आणि ती शेजारीपाजारी वाटते — आमच्या भाऊजींच्या हातची म्हणून.

मागच्या हिवाळ्यात गेलो तर दारात कढीपत्त्याची कुंडी होती. पोरीनं आणलेली. शेजारची बाई येऊन कुंडीला पाणी घालून गेली. मी नुसतं पाहिलं, तर वहिनी हसतच म्हणाली, "मी नाही लावत हात. माह्या हाताले झाड येत नाही, तुमाले तं ठाऊकच आहे."

मी पेटी खाली ठेवली. चहा प्यायलो. एसटीनं परत आलो.

तिचं वावर माझ्याकडे आहे. आणि तिच्या हातात काही खोट नव्हती, हे सांगणंही माझ्याकडेच आहे. दोन्ही द्यायचं राहिलं आहे.