मास्तरांनी गाडी ठोकली

आमच्या यांच्या उजव्या बुटाचा तळ नेहमी डाव्याच्या आधी झिजायचा. बूट शिवणाऱ्याने एकदा मला विचारलं, "साहेब लंगडतात का हो?" म्हटलं, "लंगडत नाहीत, शिकवतात." हे गाडी शिकवण्याच्या शाळेत मास्तर होते. शिकणारा स्टिअरिंगवर आणि हे शेजारच्या सीटवर. त्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला असतो. शिकणाऱ्याने घाबरून भलतंच काही दाबलं की मास्तरांनी तो ब्रेक दाबायचा आणि वर शांतपणे म्हणायचं, "काही झालं नाही. परत सुरू करा." यांचा अख्खा जन्म त्या एका ब्रेकवर गेला.

माणूस नाकासमोर चालणारा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी दिवा हिरवा होईपर्यंत फुटपाथवर उभा राहणार आणि मलाही उभं करणार. "आरसा, इशारा, मग वळण," हे वाक्य घरात इतक्या वेळा घुमलंय की आमची मुलगी बोबडं बोलायची तेव्हा अंघोळीला पळतानासुद्धा "आलसा, इशाला" म्हणत पळायची. आणि मी आवाज चढवला की खुर्चीत बसल्या बसल्या यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. मी बघितलंय. मला त्याचा भयंकर राग येतो, कारण पुष्कळदा मी खरोखरच थांबते.

यांना गाडी चालवायला मिळतच नव्हती असं नाही. सकाळी शाळेच्या आवारातून पहिल्या विद्यार्थ्याच्या दारापर्यंत हेच न्यायचे. पण त्यात हौस कसली? भाजीची पिशवी घरी आणावी तसंच ते. आमची स्वतःची गाडी काही झाली नाही. आधी परवडत नव्हती, आणि परवडली असती तोवर दुसऱ्याच्या शेजारी बसणं यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांनी विषयच काढला नाही.

खरी हौस वेगळीच होती आणि ती मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळली. हे लहान असताना सासरे कामाला होते तो कारखाना वर्षातून एकदा कामगारांच्या पोराबाळांना गावाबाहेरच्या मोठ्या पार्कात न्यायचा. आकाशपाळणा, छोटी आगगाडी, भुताचं घर, सगळं होतं तिथे. पण पोरं तुटून पडायची ती डॅशिंग कारवर. खाली गुळगुळीत लोखंडी जमीन, वर तारेची जाळी, मागच्या दांड्याच्या टोकाला उडणाऱ्या ठिणग्या, आणि कमरेला जाड रबर गुंडाळलेल्या बुटक्या गाड्या एकमेकींवर धाडधाड आदळायच्या. प्रत्येकाला एकच कुपन. दाराशी भिंतीवर लाल पट्टा रंगवलेला. डोकं पट्ट्याच्या वर गेलं तर गाडी चालवायची, खाली राहिलं तर मोठ्याच्या शेजारी बसायचं. यांचं डोकं खाली राहिलं. थोरल्या भावाने गाडी चालवली आणि हे शेजारी बसले. उतरताना भाऊ म्हणाला, "पुढच्या वर्षी तू चालव, छोट्या." वर्षभर हे दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची मोजत होते. पट्ट्याएवढे झाले आणि कारखाना बंद पडला.

पुढे भाऊ बसचा ड्रायव्हर झाला आणि हे मास्तर. दुधाची तहान ताकावर. मी विचारलं, "मग नंतर कधी गेला का नाहीत?" तर म्हणाले, "गेलो होतो ना, मुलीला घेऊन. स्टिअरिंग तिने धरलं. लहान होती, रडली असती." हे सांगताना आवाजात तक्रार अजिबात नव्हती. मलाच मेलं रडू आलं.

हे निवृत्त झाले तेव्हा शाळेत छोटा समारंभ झाला. ऑफिसच्या त्या एका खोलीत, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, खुर्च्या अपुऱ्या, निम्मे लोक उभे. मालकांनी विचारलं, "मास्तर, आता काय करायचं मनात आहे?" हे म्हणाले, "डॅशिंग कार चालवायचीय." अख्खी खोली हसली. मालक तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "अहो मास्तर, मग इतकी वर्षं आमच्या गाड्यांचं दुसरं काय झालं?" हेही हसले. सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांच्या आधी थांबले. मी समोरच उभी होते.

घरी येताना मी सांगून टाकलं, "येत्या रविवारी जायचं."

"कुठे?"

"माहितीये तुम्हाला कुठे."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"अर्ध्या गावाला गाडी तुम्ही शिकवलीत. काय म्हणायचं तेही शिकवा."

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मिठाचा खडा पडला. थोरल्या भाऊजींना बातमी लागली.

भाऊजी माणूस लाखमोलाचा, अडीनडीला धावून येणारा. पण जन्मभर बस चालवून त्यांची अशी समजूत झालीये की आपण बसतो तीच ड्रायव्हरची सीट. यांची शाळा त्यांनी ठरवली, नोकरी त्यांनी बघितली, आमचं भाड्याचं घरसुद्धा आधी ते पाहून आले. आमच्या घरी आले की टीव्हीचा रिमोट आपोआप त्यांच्या हातात जातो. फोनवर म्हणाले, "अरे वा! डॅशिंग कार! मी पण येतो. आपली जुनी जोडी!" यांनी फोन ठेवला आणि मला म्हणतात, "दादाला किती आनंद झाला बघ." मी कपाळाला हात लावला. हा माणूस पुन्हा शेजारी बसणार, हे मला तिथेच दिसलं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. पार्क नवा होता, जुन्याच्या दसपट मोठा. पाण्याच्या घसरगुंड्या, उलटी फिरणारी आगगाडी, कसले कसले आवाज. यांनी कशाकडे मान वळवून पाहिलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला निघाल्यासारखे सरळ डॅशिंग कारच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे-मागे सगळी कच्चीबच्ची. दारावर शिट्टी आणि माइक घेतलेली एक तरतरीत मुलगी होती. तिने विचारलं, "आजोबा, नातवंडं कुठायत?"

"नातवंडं नाहीत," हे म्हणाले. "मीच आहे."

मी कठड्याबाहेर थांबले. मला त्या गाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. स्टिअरिंग कुणाच्या हातात जातं, एवढंच मला बघायचं होतं.

दार उघडलं आणि पोरं उधळली. इथे धावून गाडी पकडावी लागते, हे यांच्या डोक्यातच आलं नाही. हे आपले पुढच्याला वाट देत, बाजूने चालत निघाले. तेवढ्यात भाऊजींनी गुडघ्यांची कुरकुर विसरून एक निळी गाडी गाठली, स्टिअरिंगमागे बसले आणि शेजारच्या जागेवर थाप मारून ओरडले, "ये छोट्या, बस लवकर!" बाकीच्या सगळ्या गाड्या भरलेल्या. हे गाडीजवळ गेले. एक पाय आत टाकला. शेजारच्या बाजूला.

माझा संयम सुटला. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "अहो! तिथे बसायचं नाही!"

सगळ्या गाड्यांमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. शिट्टीवाली मुलगीसुद्धा थबकली. हे माझ्याकडे बघत राहिले, एक पाय आत, एक पाय बाहेर. मग पाय काढून घेतला, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि म्हणाले, "दादा, सरक."

भाऊजी हसले. "अरे, ब्रेक नसतो याला! तुला जमायचं नाही."

"सरक म्हटलं ना."

यांचा तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि भाऊजींनीही नसावा. त्यांचं हसू ओसरलं. यांच्या तोंडाकडे बघत बघत ते सरकले, त्या अरुंद सीटवर पोट सावरत शेजारी जाऊन बसले. हे आत बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मी कठडा घट्ट धरला होता. जिंकलो, असं मला वाटलं.

कसलं काय! जित्याची खोड. घंटा वाजली आणि हे कडेकडेने, संथपणे, बाजारातून नवी गाडी नेतात तसे निघाले. नसलेल्या आरशात बघितलं. वळताना हात बाहेर काढून इशारा केला. दोन पोरं समोरून आली तर थांबून त्यांना जाऊ दिलं. भाऊजी शेजारून किंचाळत होते, "ठोक! अरे, ठोक की!" आणि हे म्हणत होते, "दादा, गाडी ठोकायची नसते." चार ठिकाणांहून चार टोणपे बसले, यांनी एकही परत दिला नाही. फेरी संपली. अख्ख्या जमिनीवर एकच गाडी अशी होती जिने कुणाला साधा धक्काही लावला नाही.

बाहेर येऊन मला म्हणाले, "मजा आली." चेहरा असा, की पेपर तर सगळा लिहिला पण काहीतरी सोडवायचं राहिलं. भाऊजीही मागोमाग आले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "चला, काहीतरी खाऊन घेऊ." हे लगेच निघालेसुद्धा. मला कळून चुकलं, हा माणूस आता घरी जाईल, उरलेलं सगळं आयुष्य "मजा आली" म्हणेल, आणि ते खोटं असेल.

"खायचं नंतर," मी म्हटलं. "आधी परत रांगेत. आणि या वेळी मी पण."

मला गाडी येत नाही. यांनीच शिकवायला घेतली होती, आणि दर वळणावर यांचा ब्रेक दाबला गेल्यावर मी भर चौकात दार उघडून उतरून चालत घरी आले होते. तेव्हापासून आमच्यात तो विषय बंद. पण दार उघडल्यावर मी साडी वर खोचली आणि पोरांच्या बरोबरीने धावले. लाल गाडी मिळवली. हे दोघं पुन्हा निळ्या गाडीत, स्टिअरिंग यांच्याकडे. या वेळी भाऊजी न सांगता शेजारी बसले.

घंटा झाली. मी पाय दाबला तो खाली टेकेपर्यंत. हे आपले कडेकडेने चालले होते, वळायच्या आधी इशाऱ्याला हात बाहेर काढायच्या बेतात. मी सगळ्या संसाराची कसर काढून मागून जी धडक दिली, तिने यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

यांनी वळून पाहिलं. "अगं! आरसा नाही बघितलास!"

"नाही बघितला!" मी ओरडले, आणि मागे घेऊन पुन्हा ठोकली. "काय करणार आहात?"

हे माझ्याकडे बघत राहिले. चष्मा सारखा केला. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू असं काही पसरत गेलं की मला माझा नवरा सात वर्षांचा असताना कसा दिसत असेल ते त्या क्षणी समजलं. त्यांनी स्टिअरिंग गरकन फिरवलं. इशारा नाही, आरसा नाही, काही नाही. निळी गाडी थेट माझ्या अंगावर आली आणि मी दातओठ आवळायच्या आत धाड! वरून ठिणग्या पडल्या. भाऊजी टाळ्या पिटत होते, "शाबास छोट्या! तिकडे बघ, ते हिरवं पोरगं!" हिरव्या गाडीला एक. पिवळीला दोन. मघाशी ज्या पोरांनी टोणपे दिले होते त्यांना यांनी शोधून शोधून गाठलं. पोरंही चेकाळली. "आजोबांना धरा!" म्हणत सगळ्या गाड्या यांच्या मागे, आणि हे मधून असे सुळकन निसटत होते की भाऊजींसारखा भाऊजी दोन्ही हातांनी कड धरून बसला होता. हे हसत होते. तोंड उघडून, खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज या माणसात आहे याचा मला पत्ता नव्हता.

माइक खरखरला. "निळी गाडी! आजोबा, समोरून धडक द्यायची नाही! नियम आहे!"

यांनी ऐकलं. ऐकल्याचं मला स्पष्ट दिसलं. आणि ऐकून, नीट माझ्याकडे बघून, समोरून, पूर्ण वेगाने यांनी मला ठोकलं.

शिट्टी वाजली. सगळ्या गाड्या जागच्या जागी बंद पडल्या. ती मुलगी जमिनीवरून चालत आली, कमरेवर हात ठेवून निळ्या गाडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, उतरा. तुम्हाला सांगितलं होतं. बाहेर."

भाऊजींचा पारा चढला. "कोण बाहेर काढतंय बघू! माहितीये का हे कोण आहेत? अर्ध्या गावाला गाडी यांनी—"

"दादा, गप्प बस," हे म्हणाले. शर्ट घामाने चिकटलेला, केस उभे राहिलेले. हे उतरले, ताठ उभे राहिले. "चूक माझी आहे."

जन्मभर यांनी दुसऱ्यांच्या चुका पायाखाली दाबून थांबवल्या. ही पहिली चूक त्यांची स्वतःची होती, आणि तो तोरा काय वर्णावा! सगळी पोरं गाड्यांमध्ये बसून टाळ्या वाजवत होती आणि हे मधून, बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे, सावकाश चालत बाहेर गेले. मी माझ्या लाल गाडीत बसून रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम.

मी बाहेर येईपर्यंत यांनी आमच्या मुलीला फोन लावला होता. "अगं, आज मला बाहेर काढलं," हे सांगत होते. "हो, मलाच. शिट्टी वाजवून, सगळ्यांच्या देखत." पलीकडून ती काहीतरी विचारत असावी. "छे, छे, कुणाची चूक नव्हती. माझीच! पूर्णपणे माझी!"