साहेबांसाठी राखलेली खोली

हॉटेलातल्या बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि आत नळ चालू होता. माझी बायको शोभा पाच मिनिटं दार वाजवत होती. "ताई, अहो ताई, आवाज तरी द्या." आत माझी मोठी बहीण होती. नागभीडहून आदल्या दिवशी आली होती. तिच्या मुलाचं अकरा वाजता चंद्रपूरच्या बुद्धविहारात लग्न होतं, आणि सकाळचे साडेसात होऊन गेले होते.

मी शोभाला म्हणालो, तिला लहानपणापासून आंघोळीला वेळच लागतो. हे वाक्य शोभा मला अजून विसरू देत नाही.

तेवढ्यात गॅलरी झाडणाऱ्या सुमनबाई आल्या. हॉटेलातल्या खोल्यांची झाडलोट, चादरी-टॉवेल, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, तोडा ते दार. इच्यार करत नका बसू."

मी खरंच विचार करत बसलो होतो. दार तोडायला मॅनेजरची परवानगी लागेल का, असं माझ्या डोक्यात चाललं होतं. पंचवीस वर्षं फॉर्म भरणाऱ्या माणसाचं डोकं असंच चालतं. सुमनबाईंनी झाडू टाकला, खांदा लावला, आणि दुसऱ्या धक्क्याला कडी निघून आली.

ताई फरशीवर पडली होती. मी पाठ फिरवून उभा राहिलो. शोभानं आणि सुमनबाईंनी तिला चादरीत गुंडाळून गॅलरीत उघड्या हवेत आणलं. डिसेंबरची थंडी होती. ताईचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि "वाजले किती?" एवढंच विचारलं. मग पुन्हा मिटले. आम्ही तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी ऑक्सिजनचा मास्क लावता लावता विचारलं, "बाथरूममध्ये गॅस गीझर होता का?"

मी ठामपणे म्हणालो, "नाही मॅडम. त्या हॉटेलात सगळे इलेक्ट्रिक गीझर आहेत. मी स्वतः तपासलेत."

शोभा माझ्याकडे वळली. "मग भिंतीवरच्या डब्यात निळी ज्योत जळत होती, ती कशाची?" ती म्हणाली. "सुमनबाईनं आधी तीच बंद केली."

 मी बाकावर बसलो.

मी काय करतो ते आता सांगायला हवं. स्वस्तातल्या हॉटेलांची जी साखळी असते, ती कंपनी सहसा स्वतः हॉटेल बांधत नाही. गावात आधीच असलेल्या लॉजला आपला बोर्ड लावते, पांढऱ्या चादरी आणि ठरावीक साबण ठेवायला लावते, आणि मोबाइलवरून बुकिंग देते. लॉज कंपनीच्या नियमाप्रमाणे चाललंय का, हे पाहायला वर्षातून दोनदा एक माणूस येऊन राहतो. त्याला क्वालिटी ऑडिटर म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा तो माणूस मी. माझ्याकडे साठ-सत्तर प्रश्नांची यादी असते. उशी किती, चादरीवर डाग आहे का, गरम पाणी किती मिनिटांत येतं.

या हॉटेलचं ऑडिट मी सहा वेळा केलं होतं. सहाही वेळा सगळं उत्तम. म्हणून तर लग्नाच्या पाहुण्यांसाठी मीच ते सुचवलं. "आपल्या हातचं हॉटेल आहे, डोळे मिटून या," असं मी ताईला फोनवर सांगितलं होतं. नागभीडचे, गोंडपिपरीचे, माजरीचे नातेवाईक मिळून आम्ही आठ खोल्या घेतल्या होत्या.

आठ खोल्या. बाकावर बसल्या बसल्या हा आकडा डोक्यात शिरला. लग्नघर म्हणजे त्या घटकेला प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी आंघोळीला बसलेलं असणार. मी हॉटेलात फोन लावला. उचलला सुमनबाईंनी.

"सारे सिलिंडर बंद केले जी म्या," त्या म्हणाल्या. "लोकं ओरडून राह्यले, गरम पाणी नाई म्हणून. ओरडू द्या. बाई कशा हायेत?"

ताई शुद्धीवर होती. डॉक्टरबाईंनी बाजूला घेऊन समजावलं. गॅस जळताना बंद जागेत एक विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसतं गरगरतं, झोप आल्यासारखं होतं, आणि तो खाली बसतो. अजून दहा मिनिटं गेली असती तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. ताईच्या आधी त्याच बाथरूममध्ये तीन बायका ओळीनं आंघोळ करून गेल्या होत्या. गीझर तासभर बंदच झाला नव्हता. थंडी म्हणून वरची खिडकीही लावून घेतलेली.

शोभाला ताईजवळ ठेवून मी हॉटेलात परतलो. मालक देवरावभाऊ काउंटरवर घामाघूम उभे होते. साठीतला माणूस, मनानं वाईट नाही. मी म्हटलं, मला सगळ्या खोल्या बघायच्या आहेत. आणि, सकाळी ताईसाठी धावत गेलो ते सोडलं तर, पहिल्यांदाच त्या हॉटेलचा जिना चढलो.

हो, पहिल्यांदाच. सहा ऑडिटमध्ये मी खालच्या एकशे दोनमध्येच उतरलो होतो. गेलो की किल्ली तयार. कोपऱ्याची, हवेशीर खोली. इलेक्ट्रिक गीझर, कोरे टॉवेल, टेबलावर डब्यात चिवडा. ऑडिटरनं किमान पाच खोल्या पाहाव्यात, असं कंपनीचं सांगणं आहे. मी देवरावभाऊंना विचारायचो, बाकीच्या खोल्याही अशाच ना? ते म्हणायचे, डिट्टो. मी पाचही रकाने भरून टाकायचो. माझा गुडघा दुखतो, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटायचं.

वर प्रत्येक बाथरूममध्ये गॅस गीझर होता. सिलिंडर कमोडशेजारी. हवा जायची झडप कबुतरं येतात म्हणून प्लायवूडनं ठोकून बंद केलेली.

"हे कधी बसवलं, देवरावभाऊ?"

"तीन वर्षं झाले असतील. सारे करंटचे गीझर एकदम लावले का मेन स्विच पडे."

"आणि एकशे दोन?"

ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी वेड्यासारखा प्रश्न विचारतोय, असं त्यांना वाटत असावं. "साहेब, घरी पाव्हना आला त आपण त्याले फाटकी गादी देतो का? तुमी मोठ्या हापिसातून येता. तुमाले साध्या खोलीत कसं ठेवणार? ते तुमच्यासाठीच राखून ठेवतो. कोनाले देत नाई."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांनी मला फसवलं नव्हतं, माझा मान ठेवला होता. आमच्याकडे घरी आलेल्याला ताटातलं बरं ते वाढतात, तसंच. आणि मी सहा वेळा ते पोटभर जेवून उठलो होतो.

सुमनबाई मागून प्लायवूड उचकटत होत्या. मी विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं, मग मला कधी सांगितलं का नाही?

"तुमी त कवा वर आलेच नाई जी," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तुमाले चालते."

नागपूरच्या आमच्या मॅनेजरला फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, मागचे सहाही रिपोर्ट तुमच्या सहीचे आहेत. गीझर गेल्या महिन्यात बसवले असं लिहा, म्हणजे तुम्हालाही त्रास नाही. देवरावभाऊ तसं लिहून द्यायला तयार होते. प्रामाणिकपणे सांगतो, मी पेन काढलं होतं.

पण आधी दवाखान्यात गेलो. ताईच्या तोंडावर मास्क होता. माझा हात धरून तिनं तो जरा बाजूला केला. "तू पाहिलं होतंस ना रे सारं?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती.

मी मान हलवली. नाही म्हणून. गुडघा दुखतो म्हणून कधी वर चढलो नाही, एवढं सांगितलं.

 ती म्हणाली, "गुडघा काऊन, तुझं डोकं दाखव डॉक्टरले." आणि मास्क लावून घेतला.

रिपोर्ट मी तिथेच बाकावर बसून लिहिला. गीझर तीन वर्षांपासूनचे आहेत, आणि मी सहा वेळा वरचा मजला न पाहता सही केली, हे दोन्ही. मॅनेजर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला लेखी समज मिळाली, आणि माझ्या जुन्या सगळ्या हॉटेलांची दुसऱ्या माणसाकडून फेरतपासणी झाली. आणखी चार ठिकाणी गॅस गीझर बाथरूममध्ये निघाले. त्या चारही ठिकाणी मी मुक्काम केलेला होता. देवरावभाऊंचा बोर्ड दोन महिने उतरवला गेला. आता त्यांचे गीझर बाहेरच्या भिंतीला आहेत, आणि नुसता पाइप आत येतो.

ताईला चार वाजता सोडलं. भाचा आईशिवाय उभा राहायला तयार नव्हता, म्हणून सगळं वऱ्हाड तोवर विहारात बसून होतं. साडेपाचला वंदना होऊन लग्न लागलं. ताई पांढऱ्या साडीत, हाताला सलाईनची पट्टी, पहिल्या रांगेत.

आता मी हॉटेलात गेलो की काउंटरच्या मागे जाऊन हाताला येईल ती किल्ली उचलतो. मालकांना ते आवडत नाही. काही जण दुखावतात, एकानं तर विचारलं, आमच्यावर भरवसा नाही का साहेब. मी त्यांना सांगतो, भरवसा आहे, पण कंपनी पगार देते तो तपासायचा. मग जिना चढतो. गुडघा दुखतो.