पाटीवरचं पोस्टर

अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळाचं अनिल बर्वेवाचून पान हलत नसे, आणि तरी त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसे. हॉल बुक करायचा अनिलने, खुर्च्या मांडायच्या अनिलने, गणपतीची पोस्टरं दुकानोदुकानी चिकटवायची तीही अनिलनेच. कौतुक मात्र एकनाथ मोघेचं. हा गृहस्थ मागाहून आला, चार भजनं म्हणाला आणि सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला. अनिलची बायको नीलासुद्धा म्हणायची, "एकनाथरावांचा आवाज काय गोड आहे!" अनिलचा नुसता जळफळाट होई.

त्यात मीनाक्षीकाकूंच्या किराणा दुकानात चोर शिरला. त्याने काकूंवर पिस्तूल रोखलं तेव्हा दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती. अनिल कणकेच्या पोत्यांमागे दडून बसला. एकनाथने कमरेचं पिस्तूल काढून चोराच्या खांद्यात गोळी घातली. काकू वाचल्या. मग काय, जिकडेतिकडे एकनाथच एकनाथ!

पिस्तूल बाळगायला तिथे मुभा होती, पण दुकानाच्या दारावर पाटी होती, शस्त्र आत आणायला मनाई. गोळी काकूंच्या बचावासाठी झाडली असं धरलं गेलं, ती माफ झाली. मनाई असताना पिस्तूल आत नेल्याचा खटला मात्र सरकारी वकिलाने भरलाच. एकनाथ अजून ग्रीन कार्डावर.

"काका, कन्व्हिक्शन झालं तर डिपोर्टसुद्धा करू शकतात," त्याची वकील नीना म्हणाली. पोरगी इथलीच जन्मलेली, मराठी जेमतेम, कायदा पक्का. "पाटी दिसली नाही हे प्रूव्ह झालं तरच चान्स आहे."

आता गंमत अशी, की ती पाटी त्या दिवशी कुणालाच दिसणार नव्हती. एकनाथ यायच्या जरा आधी अनिलने गणपतीचं पोस्टर घाईघाईत नेमकं तिच्यावरच चिकटवलं होतं. गोळीबारानंतर पाटी झाकल्याचा बोल आपल्यावर येईल म्हणून त्यानेच ते फाडून खिशात कोंबलं. हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तो मूग गिळून बसला. जाऊ दे की परत, गाऊ दे तिकडे भजनं!

घरी नीलाला जेवण जाईना. "एकनाथरावांच्या मुलांचं कसं होणार हो?" ती पुन्हापुन्हा विचारी. अनिलच्या मनात आलं, आपण बोललो तर? एकनाथ जन्मभर आपल्या उपकाराखाली राहील, आणि नीलाला कळेल खरा माणूस कोण ते.

नीनाच्या ऑफिसात, एकनाथ आणि नीलाच्या देखत, त्याने सगळं सांगून टाकलं. नीना खुर्चीतून उठलीच. "अनिलकाका, यू जस्ट सेव्ह्ड हिम!" सगळ्यांच्या नजरा अनिलवर खिळल्या. त्याला बरं वाटलं.

"पण पाटी मला माहीत होती," एकनाथ म्हणाला. "एरवी पिस्तूल गाडीत ठेवून जातो. त्या दिवशी राहिलं कमरेला."

"काका, प्लीज! ते बोलू नका ना."

"विचारलं तर सांगणार. शपथ घेऊन खोटं बोलायला जमणार नाही गं मला." मग त्याने अनिलचा हात हातात घेतला. "तू माझ्यासाठी एवढं बोललास यार, पुष्कळ झालं."

नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एकनाथकडे बघत होती. ज्याचं इथलं घरदार सुटायची वेळ आली होती त्याच माणसाचा अनिलला इतका हेवा वाटला, की त्याला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.